बिनवासाची खोली

माझ्या लग्नात मैत्रिणींनी मला सेंटची बाटली दिली होती. उंच, जांभळ्या काचेची, सोनेरी टोपणाची. ती नऊ वर्षं आमच्या माळ्यावर जुन्या सुटकेसमध्ये दोन स्वेटरांच्या मधे पडून होती. कारण एकच, माझ्या सासूबाई.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी हौसेने थोडंसं सेंट लावून स्वयंपाकघरात गेले. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि अगदी शांतपणे विचारलं, "काय लपवतेयस?" मला कळेचना. मग म्हणाल्या, "अगं, वास लावतात तो काहीतरी लपवायला. तू चांगली आंघोळ केलेली मुलगी, तुला कशाला हवंय ते?" मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला. आता सांगा, अशा बाईशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? बाटली माळ्यावर गेली.

आई हॉटेलात काम करतात. हॉटेल म्हणजे येऊन चहा पिऊन जायचं हॉटेल नव्हे. दारात उभ्या असलेल्या दरवानाच्या बुटात आपलं तोंड दिसतं, असलं हॉटेल. एका मालकीणबाईंची अशी नऊ हॉटेलं आहेत, त्यातलं हे पहिलं. आई तिथे एकतीस वर्षांपूर्वी चादरी बदलायला लागल्या आणि आता चारही मजल्यांवरच्या शंभर खोल्या त्या पास करतात. हाताखाली सहा बायका. त्या त्यांना तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे नाकमावशी. आईंना हे ठाऊक आहे आणि मनातून आवडतंसुद्धा, पण तसं कबूल करतील तर शपथ.

मी तिथेच खाली रिसेप्शनला आहे. वशिल्याने लागले नाही हो! उलट तेव्हाच्या मॅनेजरना आईंनी सांगितलं होतं, "माझी सून आहे म्हणून घेऊ नका, आणि सून आहे म्हणून सोडूही नका." कामावर नातं नाही, हा त्यांचा दंडक. घरात आई, हॉटेलात मॅडम. जिन्यात समोरासमोर आलो तरी मी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचं, आणि दहा मिनिटांपूर्वी माझ्याच हातचं खाऊन निघालेल्या त्या बाईने नुसती मान हलवायची.

आता त्यांची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. खोली झाडून, पुसून, पलंग लावून झाला की बायका बाहेर येतात. मग आई एकट्या आत जातात, दार लावून घेतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि एक मिनिट काहीही करत नाहीत. डोळे मिटून नुसतं बसायचं. त्या मिनिटात साबणाचा, ओल्या फडक्याचा, आधीच्या पाहुण्याच्या सिगारेटचा, कसलाही वास आला की खोली नापास. पुन्हा पहिल्यापासून. नाही आला तर पलंगाशेजारचा फोन उचलून मला सांगायचं, "चारशे बारा तयार आहे." मी म्हणायचं, "ठीक आहे मॅडम." हे त्यांच्या तोंडून आल्याशिवाय कुणाला किल्ली मिळत नाही, मग खाली साक्षात मंत्री तिष्ठत का बसेना. आई म्हणतात, "पाहुण्याला वाटलं पाहिजे की आपल्या आधी या खोलीत कुणी नव्हतंच. पुसणारी बाईसुद्धा नव्हती."

पाहुणे जाताना अभिप्रायाचं कार्ड लिहून ठेवतात. त्यावर बरेचदा असायचं, 'तुमच्या खोलीचा वास फार आवडला.' दुसरं कुणी असतं तर कार्ड फ्रेम करून लावलं असतं. आमच्या आईंना ती तक्रार वाटायची! "श्रीमंत माणसं ओरडत नाहीत, गोड शब्दांत कान टोचतात," असं म्हणून त्या अख्खी खोली दोनदा पुसून घ्यायच्या. पुढच्या पाहुण्याचं कार्ड त्याहून गोड यायचं. मग तीनदा पुसायच्या.

गेल्या वर्षी नवे मॅनेजर आले. पस्तिशीचे, हुशार, चालतानासुद्धा घड्याळ बघणारे. कानामागून आला आणि तिखट झाला, त्यातली गत. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून जाहीर केलं की कंपनी आता अत्तराच्या धंद्यात उतरतेय. नऊही हॉटेलांत शेकडो लोक विचारतात, तुमच्या पहिल्या हॉटेलातल्या खोल्यांना येतो तो वास कुठे मिळेल? तर आता तो बाटलीत मिळणार. काचेचं दुकान, उंची अत्तर, मखमली खोका. आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक छोटं यंत्र बसणार, दर वीस मिनिटांनी तेच अत्तर फुस्सकन सोडणारं.

"म्हणजे खोलीत बसून वास घेण्याची गरज उरणार नाही," साहेब म्हणाले. "शंभर खोल्या, शंभर मिनिटं रोज वाचतील. मॅडमनी खूप वर्षं सेवा केली. अत्तर तयार झालं की त्या तळघरात युनिफॉर्मची खोली बघतील. बसून काम आहे."

तळघरातली युनिफॉर्मची खोली म्हणजे एक खिडकी, तीही बंद, आणि तुटलेल्या बटणांचे डबे. निवृत्तीला आईंची साडेतीन वर्षं राहिलेली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी आईंकडे बघितलं. त्या अगदी सरळ बसल्या होत्या, पण रागाने लाल झाल्या होत्या. घरी आलो आणि चपला काढता काढता स्फोट झाला.

"वास! माझ्या खोल्यांना वास!"

"आई, ते तुम्हाला तळघरात पाठवताहेत, त्याचं बोला."

"ते नंतर. आधी मला सांग, कुठला वास येतो? एवढी वर्षं लोक तक्रार करतायत आणि हे लोक त्या तक्रारीच्या बाटल्या भरून विकणार?"

महिन्याभरात अत्तर बनवणारी बाई आली. चाळिशीची, केस आखूड, हातात कातडी पेटी आणि पेटीत दोनशे बारक्या कुप्या. सगळे तिला अत्तरवालीच म्हणायला लागले. ती लॉबीत बसली, फुलं हुंगली, गालिचा हुंगला, एकदा तर लिफ्टची भिंत हुंगताना मी तिला बघितलं. मग एकामागून एक अकरा अत्तरं बनवून मालकीणबाईंकडे पाठवली. बाई सत्तरीच्या, आयुष्य याच हॉटेलात गेलेलं, जीभ सुरीसारखी. एकावर म्हणाल्या, "हे फुलांचं दुकान." दुसऱ्यावर, "हा दवाखाना." सातव्या बाटलीवर तर म्हणाल्या, "ही माझी धाकटी जाऊ. परत पाठवा."

मग एके दिवशी अत्तरवाली दमून माझ्या काउंटरला टेकली आणि म्हणाली, "खोल्या कोण तयार करतं? मला त्यांच्याकडे शिकायचंय."

त्या संध्याकाळी मी घरी आईंना बजावलं. "आई, तिला काही दाखवू नका. अत्तर झालं नाही तर तुमची जागा राहते. सरळ आहे."

"कामाला आलेल्या माणसाला अडवायचं नसतं," आई म्हणाल्या. "आणि येऊ दे की. बसू दे माझ्या खुर्चीत. खोलीला वास नाही हे तिच्याच नाकाला कळेल, मग अत्तरही मिटलं आणि तळघरही मिटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

काय ते धैर्य!

पुढचं मला सहाजणींतल्या थोरलीने साग्रसंगीत सांगितलं. आईंनी अत्तरवालीला एप्रन बांधला, हात साबणाने तीनदा धुवायला लावले आणि तीन दिवस तिच्याकडून खोल्या पुसून घेतल्या. बिचारीच्या गुडघ्यांची सालटी निघाली, पण हूं की चूं नाही. चौथ्या दिवशी चारशे बारामध्ये आईंनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. दार बंद. मिनिट झालं. आईंनी दार उघडलं.

"काय? आहे वास?"

"आहे," अत्तरवाली म्हणाली.

आई म्हणे खोलीच्या उंबऱ्यावरच थिजल्या. "शक्य नाही. ऊठ. कुठे आहे, दाखव."

अत्तरवाली उठली आणि पलंगाच्या लाकडी उशाला नाक लावून उभी राहिली. मग कपाटाला. मग टेबलाच्या कडेला. "मावशी, हे लाकूड कशाने पुसता?"

"फडक्याने."

"ते तुम्ही आधीच भिजवून, पिळून माझ्या हातात देत होतात. फडकं कशात बुडवलेलं असतं?"

सहाही जणी खाली बघायला लागल्या. आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? आई म्हणाल्या, "चहात."

तर गंमत अशी होती. कंपनी लाकडाला लावायला लिंबाच्या वासाचं पॉलिश देते. आईंचं त्याने डोकं उठायचं आणि तो वास तासभर हलायचा नाही, खोली नापासच. म्हणून त्यांनी अगदी पहिल्या वर्षीच तो डबा बाजूला ठेवला आणि नाश्त्याच्या खोलीत उरलेला बिनदुधाचा चहा गार करून, गाळून वापरायला सुरुवात केली. लाकूड झकास चमकतं. रोज सकाळी चहाची मोठी किटली वर जाताना मी बघायची. मला वाटायचं, बायका पितात. न उघडलेले पॉलिशचे डबे चौथ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत छताला टेकले होते.

"पण चहाला कुठे वास असतो?" आई म्हणाल्या.

"मावशी, तुमच्या नाकाला तो एकतीस वर्षांत सवयीचा झालाय. आम्हाला येतो," अत्तरवाली म्हणाली. "गार चहा, जुनं लाकूड, आणि ते अभ्रे. तुम्ही ते पूर्ण वाळायच्या आत इस्त्री करता ना? आणि शेवटी वीस मिनिटं खिडकी उघडी. मी तीन महिने हेच शोधतेय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण आईंना त्यात काही हसण्यासारखं दिसलं नाही. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर खिडकीशी बसल्या होत्या, आणि एप्रन नाकाशी धरून हुंगत होत्या.

"मला येत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "इतका जवळ धरला तरी येत नाहीये. म्हणजे इतकी वर्षं मी नापास खोल्या पास केल्या?"

मला रडू आलं. नऊ वर्षांत या बाईला मी कधी खचलेलं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, लोकांना आवडत होतं. ती कार्डं तक्रारी नव्हत्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ती कार्डं लिहीत होते.

पण सकाळी त्या नेहमीच्या वेळी उठल्या, नेहमीसारखा कडक एप्रन चढवला आणि गेल्या. अत्तरवालीला म्हणाल्या, "लिहून घे. चहा उकळायचा नाही, नुसता मुरवायचा. करायचंच तर नीट कर." आपल्या तळघराचा रस्ता आपल्याच हाताने झाडत होत्या, आणि तोही स्वच्छ. मी मनात म्हटलं, धन्य आहे!

बारावी बाटली गेली. मालकीणबाईंनी ती हुंगली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "हीच." अत्तरवालीने कागदावर चहाचा उल्लेख केला नव्हता. कंपनीचा नियम एकतीस वर्षं मोडल्याचं बाहेर आलं असतं तर तळघरसुद्धा राहिलं नसतं, म्हणून तिने नुसतं 'जुनं लाकूड' लिहिलं होतं.

पहिलं यंत्र चारशे बारामध्ये बसलं. ते बघायला मालकीणबाई स्वतः आल्या. बरोबर साहेब, अत्तरवाली, आणि किल्ली घेऊन मी. आईंची बदली येत्या सोमवारपासून. यंत्र सकाळपासून फुसफुसत होतं. साहेब खुशीत होते. म्हणाले, "मॅडम, शेवटचं एकदा बसा खुर्चीत. बाईंना तुमची जुनी पद्धत बघायचीय."

आई आत गेल्या, दार लावलं. आम्ही बाहेर. एक मिनिट झालं. दोन झाली. दार उघडलं.

"खोली तयार नाही," आई म्हणाल्या.

साहेब हसले. "का बरं?"

"वास येतोय."

"अहो मॅडम, तो यायलाच हवा! त्याचसाठी तर सगळा खटाटोप."

"कुणाचा येतोय, ते विचारा."

मालकीणबाईंनी विचारलं, "कुणाचा?"

"माझा," आई म्हणाल्या. "हा चहाचा वास आहे, बाई. तुमचं पॉलिश मी कधीच वापरलं नाही. एकतीस वर्षं गार चहाने पुसतेय, माझ्या बायकाही माझ्याच सांगण्यावरून. शिक्षा करायची तर मला एकटीला करा. मला स्वतःला हा वास कधी आला नाही, पण आज या यंत्राने इतका सोडलाय की माझ्यासारखीलाही आला. बाटलीत भरलात, खुशाल भरा. मी बाटलीत भरण्याइतकी किमती आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण पाहुणा दार उघडतो तेव्हा पुसणारं माणूस खोलीतून निघून गेलेलं पाहिजे. हे तुमचं यंत्र दर वीस मिनिटांनी मला परत आत आणून बसवतंय. अशी खोली मी पास करणार नाही. सोमवारी जाईन तळघरात, पण आज नाही करणार."

अत्तरवाली हळूच म्हणाली, "बाई, त्यांचं बरोबर आहे. लोकांना जो आवडला तो मागे उरलेला वास होता. आपण तो फवारतोय."

मालकीणबाई आत गेल्या. पलंगाच्या उशावर त्यांनी तळहात ठेवला, वाकून नाक लावलं, आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या आणि स्वतःच्या हाताने खिडकी उघडली.

"यंत्र काढा," त्या साहेबांना म्हणाल्या. "बाटली दुकानात विका, हवी तितकी. खोलीत थेंब सांडायचा नाही. ते पॉलिश परत पाठवा. आणि ही खुर्ची, आणि हिचं मिनिट, यांना कुणी हात लावायचा नाही. शंभर मिनिटं जातात ना? जाऊ देत." मग आईंकडे वळल्या. "चहाचं मला आधी सांगायचंत. मी चांगला चहा दिला असता."

"उरलेलाच बरा असतो," आई म्हणाल्या.

साहेबांबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. कोट काढला, स्टुलावर चढले आणि यंत्र स्वतः उतरवलं. मग आम्ही सगळे बोळात वीस मिनिटं उभे राहिलो, शाळेतल्या मुलांसारखे, कारण आईंनी सांगितलं होतं की वीस मिनिटं कुणी आत यायचं नाही. मालकीणबाईही उभ्या.

वीस मिनिटं झाली. आई पुन्हा आत गेल्या. या वेळी दार उघडं ठेवलं. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. मिनिट संपल्यावर त्या उठल्या, पलंगाशेजारचा फोन उचलला आणि एक आकडा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी किल्ली घेऊन दारात उभी.

"तू इथे आहेस, तर खाली कोण आहे?"

अगं बाई! मी धावले. चार मजले जिन्याने, लिफ्टची वाट बघायला वेळ कुठला. काउंटरवरचा फोन वाजतच होता. मी तो उचलला तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता.

"चारशे बारा तयार आहे," आईंचा आवाज आला. नेहमीसारखा, सपाट.

मला 'ठीक आहे मॅडम' म्हणायचं होतं. नऊ वर्षं म्हणत आलेय. पण तोंडातून निघालं, "हो, आई."

मी डोळे मिटून घेतले. आता बसणार बोलणी.

"ड्यूटीवर आहेस," त्या म्हणाल्या.

"चुकलं, मॅडम."

तरी फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मी कानाशी धरून उभी राहिले. फोनमधून वरच्या खोलीची खिडकी कुणीतरी लावत असल्याचं ऐकू येत होतं.

"घरी गेल्यावर माळ्यावरची ती बाटली काढ," आई म्हणाल्या. "थोडंच लाव."